ताप आणि तप



आजचे श्लोक गीतेच्या सतराव्या अध्यायातले पाचवा आणि सहावा. दोन्ही सोबतच वाचायचे, कारण वाक्य एकच आहे. भगवंत सांगतात ते साध्या मराठीत असं: शास्त्राने न सांगितलेलं घोर तप काही लोक करतात. त्यात दिखावा असतो, मीपणा असतो, हवं ते मिळवायचा हट्ट असतो आणि अंगातल्या जोराचा माज असतो. असे लोक विचार न करता शरीरातल्या पंचमहाभूतांना झिजवतात आणि शरीराच्या आत बसलेल्या मलाही झिजवतात. त्यांचा निश्चय आसुरी आहे असं समज.

हे दोन श्लोक मी कॉलेजपासून वाचत आलोय आणि दरवेळी मनात चित्र तेच, काट्यांवर झोपलेला, एक हात वर्षानुवर्षं वर धरून ठेवलेला कुणीतरी साधू. म्हणजे आपला काही संबंध नाही, पुढे चला. आपण शनिवारी उपास करतो तोही साबुदाण्याचा. आपल्याला कोण आसुरी म्हणणार?

मागच्या डिसेंबरपासून मला हे दोन श्लोक पटकन ओलांडता येत नाहीत. आज ते लिहूनच टाकतो.

वर्क फ्रॉम होम मिळाल्यापासून मी अकोल्यात आहे आणि सायकल चालवतो हे जुन्या वाचकांना माहीत आहे. आमच्या ओळखीतल्या सायकलवाल्यांनी मिळून तीन दिवसांची एक शर्यत ठरवली होती. नाव नाही, स्पॉन्सर नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेली. माउंटन बाइकवर, जोडीजोडीने. पहिला दिवस अमरावतीहून वलगाव, आसेगाव, परतवाडा करत चिखलदरा. दुसरा दिवस चिखलदऱ्याहून सेमाडोह आणि घटांगवरून परत खाली परतवाडा. तिसरा दिवस अंजनगाव सुर्जी, अकोट आणि अकोला, त्यातही शक्य तिथे डांबरी सोडून शेतातल्या पांदण रस्त्यांनी. नियम एकच, तो म्हणजे प्रत्येक टप्प्यावर जोडीतला जो मागून पोचेल त्याची वेळ जोडीची वेळ. माझा जोडीदार माझा कॉलेजचा मित्र, राहतो अमरावतीत. वर्षभर आम्ही तयारी केली होती.

आदल्या रात्री मला ताप आला.

घसा दुखत होता तो दोन दिवसांपासूनच. पण त्या रात्री अंग मोडून आलं, डोळे जळायला लागले. थर्मामीटरमध्ये १००.४. घड्याळात बघितलं तर झोपेतली नाडी एरवी ५४-५५ असते ती ६८. शरीराचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते हे मला चांगलं माहीत होतं. ताप असताना जोराचा व्यायाम केला तर विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूपर्यंत जाऊ शकते, तिला मायोकार्डायटिस म्हणतात, आणि तरुण, धडधाकट खेळाडू त्यानेही मैदानावर कोसळू शकतात, हेही माहीत होतं. मीच ते ग्रुपवर दुसऱ्या कुणाला तरी लिहिलं होतं, मोठ्या शहाणपणाने. नुसतं नाक वाहत असेल तर हळू चालव, पण ताप असेल, छाती भरली असेल, अंग दुखत असेल तर सायकलला हात लावू नको, असं.

बायको म्हणाली, "जाऊ नका." मी म्हटलं, "बघू सकाळी." सकाळी पॅरासिटामोल घेतली, अर्ध्या तासात घाम आला, बरं वाटलं. अमरावतीत भेटल्यावर जोडीदाराने विचारलं, "कसा आहेस बे?" मी म्हटलं, "एकदम मस्त."

जे आयटीत आहेत त्यांना एका वाक्यात समजेल. सर्व्हर पेटलाय, मॉनिटरिंगचा अलर्ट सारखा वाजतोय, आणि आपण तो म्यूट करून डिप्लॉयमेंट पुढे रेटतोय. पॅरासिटामोल ताप उतरवते, आजार नाही उतरवत. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. १९५६ च्या २० डिसेंबरला याच पुलापाशी, अमरावतीकडे येताना, गाडीतच गाडगेबाबांनी देह ठेवला. आम्ही वऱ्हाडातली माणसं तिथून जाताना मनात तरी हात जोडतो. त्या दिवशी मी हात जोडले आणि मनात चक्क असं आलं की बघा, बाबासुद्धा आजारी असूनही शेवटपर्यंत थांबले नाहीत. मला माझ्या खोटेपणाला संताची सही मिळाली. हा प्रकार आपण फार करतो मंडळी. आपला हट्ट आधी ठरलेला असतो, मग त्याला शोभेलसं उदाहरण शोधायला आपण संतचरित्रात शिरतो.

चिखलदऱ्याचा घाट मी कसा चढलो ते मला नीट आठवत नाही. परतवाड्यापासून सातशेएक मीटरची चढाई आहे. वर पोचलो तेव्हा बाकीचे जॅकेट काढत होते आणि मी दोन जॅकेटांत कुडकुडत होतो. जोडीदार म्हणाला, "थंडी लई वाजू राहिली तुले." मी म्हटलं, "उंचीवर आलो ना." रात्री दुसरी गोळी, मग तिसरी. जेवण गेलं नाही. आम्ही त्या दिवशी चौथे होतो. मला तिसरं यायचं होतं. एवढंच कारण होतं हो. बक्षीस नव्हतं, पैसे नव्हते, ग्रुपवर एक फोटो पडणार होता.

आता श्लोकाकडे परत येऊ. त्यातलं दिखाव्याबद्दलचं कळायला सोपं आहे. मला अडवतो तो शेवटचा तुकडा, शरीराच्या आत बसलेल्या 'मलाही'. देवाला कोण झिजवू शकेल? शंकराचार्यांनी भाष्यात याचं उत्तर दिलंय. देवाची शिकवण न पाळणं हेच देवाला झिजवणं, असा त्यांनी अर्थ लावला. आणि शिकवण काय होती? ती सहाव्या अध्यायात येऊन गेली आहे, सोळा आणि सतरा नंबरचे श्लोक. फार खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि जागत बसणाऱ्यालाही नाही. खाणं, फिरणं, काम, झोप, जागेपण सगळं मापात. म्हणजे ज्या अर्जुनाला युद्ध कर म्हणून सांगितलं, त्यालाच नीट जेव आणि नीट झोप असंही सांगितलं. दोन्ही एकाच तोंडाने. मला पहिलंच ऐकू यायचं.

पुढे याच अध्यायात, एकोणिसाव्या श्लोकात, तामस तपाची ओळख येते: मूढ हट्टाने, स्वतःला पीडा देऊन, किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेलं. आणि अठराव्या अध्यायात पंचविसावा श्लोक आहे तामस कर्माचा. जे काम पुढचा परिणाम, होणारी हानी, दुसऱ्याला होणारी इजा आणि स्वतःची ताकद यांचा विचार न करता मोहापायी सुरू केलं जातं, ते तामस. चार गोष्टी तपासायला सांगितल्यात. कुठल्याही शर्यतीच्या आधी भरायच्या फॉर्मसारख्या वाटतात. मी त्या चारही माहीत असून कोऱ्या सोडल्या होत्या.

त्यातली तिसरी, दुसऱ्याला होणारी इजा, मला वाटायचं माझ्या बाबतीत लागूच नाही. आजारी मी, सायकल माझी, मेलो तर मी. असंच वाटतं सगळ्यांना.

दुसरा दिवस. सेमाडोहपर्यंत ठीक गेलं, जंगलातला रस्ता, सकाळची वेळ, सिपना नदीवर धुकं. घटांगच्या पुढे परतवाड्याकडे उतार लागतो, वळणावळणाचा. मी पुढे होतो, तो माझ्या मागे दोन सायकली अंतरावर. गोळीचा असर उतरत आला होता. कानात गुंई आवाज येत होता आणि डोळ्यांसमोरचा रस्ता जरा उशिरा पोचत होता, म्हणजे वळण दिसायचं, पण ते वळण आहे हे नंतर कळायचं. एका वळणावर शेळ्या आडव्या आल्या. शेळ्या मला दिसल्या होत्या. बोटं ब्रेकवर होती. बोटांनी ऐकलं नाही, किंवा मी सांगायला उशीर केला. मग एकदम दोन्ही ब्रेक दाबले आणि आडवा झालो रस्त्यावर, पडलो मात्र नाही. मागून येणाऱ्याला माझ्या अंगावर येणं किंवा कडेच्या गिट्टीत जाणं एवढेच दोन मार्ग होते. तो गिट्टीत गेला.

आवाज मला अजून ऐकू येतो, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. हासळीचं हाड मोडलं. हेल्मेट फुटलं, डोकं वाचलं. शेळ्यांवाला एक कोरकू बाबा धावत आला, त्याने स्वतःचा दुपट्टा सोडून त्याचा हात गळ्यात बांधला, इतका नीट की परतवाड्याच्या डॉक्टरांनी तो एक्सरेपर्यंत सोडला नाही. बाबाची एक शेळी लंगडत होती. त्याने आधी माणूस बघितला, मग शेळी. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. दुपट्टाही परत दिला गेला नाही.

ज्ञानोबांनी तेराव्या अध्यायात अहिंसेवर केवढं तरी लिहिलंय. त्यातलं एक चित्र मला लहानपणापासून आवडतं, अहिंसक माणूस जमिनीवर पाऊल कसा टाकतो याचं. खाली एखादा बारका जीव असेल म्हणून जपून, हळुवार. आम्हाला शाळेतल्या सरांनी ते शिकवलं तेव्हा मुलं हसली होती. मला आता असं वाटतं की ते फक्त मुंगीबद्दल नाही. आपण ज्या अवस्थेत रस्त्यावर उतरतो, त्या अवस्थेत पाऊल टाकायची आपली लायकी आहे का, हे बघणंही त्यातच येतं. रात्रभर जागून गाडी चालवणारा, ताप असताना ऑफिसात खोकत बसणारा, हे सगळे त्यातच.

तिसऱ्या दिवशी मी एसटीने अकोल्याला आलो. सायकल टपावर, अंगात १०२ ताप, आता लपवायला कुणी नाही. गाडी त्याच भागातून जात होती जिथून मी शर्यत करत जाणार होतो. अंजनगाव सुर्जी, पानवेलींचं गाव. याच तालुक्यातलं शेंडगाव, गाडगेबाबांचं जन्मगाव. मग अकोट. खिडकीतून तूर, कपाशी, आणि काळ्या मातीच्या पांदणी दिसत होत्या.

अकोट तालुक्यातच अकोली आहे. गजानन विजय ग्रंथ वाचणाऱ्यांना पाचवा अध्याय आठवेल. भर उन्हात महाराज भास्कर पाटलाच्या शेतात गेले आणि प्यायला पाणी मागितलं. भास्कर चिडला, धडधाकट माणूस काम न करता पाणी मागतो म्हणून त्याने हाकललं. मग कोरड्या विहिरीला पाणी लागलं आणि पुढे भास्कर महाराजांचा झाला. आपण ही गोष्ट चमत्कारासाठी सांगतो. त्या दिवशी बसमध्ये मला चमत्काराच्या आधीचा भाग दिसत राहिला. ज्याच्या पायाशी पाणी यायचं होतं त्याने आधी एका शेतकऱ्यापुढे उभं राहून मागितलं. मला तहान लागली आहे, असं सांगितलं. माझ्या घशातून दोन दिवसांत 'मला बरं नाही' हे तीन शब्द निघाले नव्हते.

इथे एक प्रश्न तुम्ही विचाराल, मलाही पडलाय. मग आषाढीला शेगावहून पंढरपूरला पालखीसोबत महिनाभर पायी जाणारे? त्यांच्यात ताप अंगावर काढणारे नसतात का? पायाला फोड आलेले नसतात का? आणि गाडगेबाबांचं काय? ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. त्यानंतर दीड महिन्यात ते गेले. थकलेल्या देहाने उभे राहिलेच ना?

माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. एवढं दिसतं की पालखीसोबत औषधोपचाराची सोय असते आणि वारकऱ्याला आजारी आहे असं सांगायची लाज वाटत नाही. शेजारचा चालणारा विचारतो, हा सांगतो, कुणीतरी पडशी घेतं, कुणी गोळी देतं. लपवाछपवी नाही. आणि बाबांचं कीर्तन ऐकणाऱ्यासाठी होतं. त्याच बाबांच्या दशसूत्रीत रोग्याला औषधोपचार द्या हे एक सूत्र आहे, नवस करा असं नाही. माझं तप एका फोटोसाठी होतं. हा फरक पुरेसा आहे का, की मी पुन्हा माझ्या सोयीचं काढतोय, हे तुम्ही ठरवा.

शर्यतवाल्यांमधलंही एक उदाहरण सांगतो, कारण कुणीतरी म्हणेल की असं मागे हटलं तर मोठं काही होतच नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत रेस अक्रॉस अमेरिका होते, सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्याने जाणाऱ्याला बारा दिवसांची मुदत. वाळवंट, मग रॉकी पर्वत, झोप जेमतेम. मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं वर धरता येत नाही. लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांना २०१६ मध्ये ही शर्यत अर्ध्यात सोडावी लागली. २०१७ मध्ये ते पुन्हा गेले आणि एकट्याने ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी काही तासांच्या अंतराने आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थही पोचले. समर्थ पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक गेले, नऊ हजारांवर किलोमीटर, पंधरा टप्पे, आणि तिथे निघालेल्यांपैकी मोजकेच शेवटपर्यंत टिकले. दोघेही डॉक्टर आहेत हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. माझ्या डोक्यात मात्र २०१६ राहतं. त्या वर्षी थांबलेला माणूस २०१७ ला पोचला.

आणि अशा शर्यतीत मागे गाडीत क्रू असतो, स्वार काय खातो, किती झोपतो, भ्रमात बोलतोय का हे बघणारा. म्हणजे त्या पातळीचे लोकसुद्धा स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय एकट्या स्वतःवर सोडत नाहीत. माझाही क्रू होता. मागे दोन सायकली अंतरावर होता. मी त्याला खोटी माहिती दिली होती.

याच अध्यायात पंधराव्या श्लोकात वाणीचं तप सांगितलंय. कुणाला न बोचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं. चौथ्या दिवशी मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तरी हे आठवायला हवं होतं. प्लेट टाकली होती, हात पट्ट्यात. त्याची आई म्हणाली, "शेळ्यांचं काय सांगता येते बाप्पा, जनावर आहे." मी मान हलवली. त्याने मला विचारलं, "तू बराय ना? चेहरा उतरला तुया." मी म्हटलं, "आता जरा कणकण आहे. कालपासून." कालपासून!

हे सात महिने चाललं. मी इथे रोज श्लोक लिहीत होतो. सत्यावरही लिहिलं, तुम्ही कौतुकही केलं. त्या कौतुकाने मला काय व्हायचं ते मी सांगत नाही.

मागच्या रविवारी अमरावतीला गेलो. त्याचा हात आता पूर्ण वर जातो, थोडा कचका येतो म्हणाला. सायकल चालवायला लागलाय, घाटात अजून जात नाही. चहा झाला. मी सगळं सांगितलं, आदल्या रात्रीच्या १००.४ पासून, गोळ्या किती, कधी. ब्रेक उशिरा का दाबला. हे लिहिणार आहे तेही सांगितलं आणि लिहू का म्हणून विचारलं.

तो बराच वेळ कप फिरवत बसला. मग म्हणाला, "मले माहीत व्हतं."

"काय?"

"तू उचललं ना मले तवा. तुया हात तव्यासारखा तापला व्हता. एवढ्या थंडीत."

"मग बोलला काऊन नाही बे?"

"तू कवा सांगते ते पाहू राहिलो व्हतो."

त्यानंतर तो आत गेला आणि फुटलेलं हेल्मेट घेऊन आला. ठेवलंय त्याने. म्हणाला, लिही, पण माझं नाव टाकू नको, आणि त्या शेळीवाल्याचं लिही. दिवाळीनंतर आम्ही दोघं घटांगला जाणार आहोत, मोटारसायकलने, नवा दुपट्टा घेऊन. बाबा सापडतो का बघू.

उद्या सातवा श्लोक. तिथून आहाराचा विषय सुरू होतो.

जय गजानन.